गुळवेलीची कैफियत

गावाच्या वेशीबाहेर ओढ्याकाठच्या कडुनिंबावर, शेताच्या बांधावरील बाभळीवर किंवा पडक्या वाड्याच्या परसातील एखाद्या जुन्या आंब्यावर जी वेल कोणी न लावता आणि कोणी पाणी न घालता चढून बसलेली असते, तिच्यासंबंधी मराठी माणसाचे मत विचारले तर ते बहुधा एकाच शब्दात मिळते: औषधी. कशावर औषधी, किती प्रमाणात औषधी, कोणाला मानवते आणि कोणाला नाही, हे पुढचे प्रश्न फारसे कोणी विचारीत नाही, कारण गुळवेलीचे नाव ज्या आदराने घेतले जाते त्या आदरात चिकित्सेला जागाच उरत नाही. परंतु २०२० साली आलेल्या महामारीने या वेलीला परसातून उचलून प्रथम सरकारी परिपत्रकांत, मग औषधविक्रेत्यांच्या फडताळांत आणि अखेरीस यकृततज्ज्ञांच्या फिर्यादीत नेऊन बसविले. तेव्हापासून तिच्याविषयी दोन तट पडले असून एकाला तिच्याविरुद्ध चकार शब्द खपत नाही आणि दुसऱ्याला तिच्या बाजूचा पुरावा वाचण्याचीही सवड नाही. या दोन्ही तटांचे म्हणणे एकत्र ठेवून पाहावे, आणि ज्या घरगुती वहिवाटीच्या नावाने हा सारा वाद चालला आहे ती वहिवाट मुळात काय होती याचीही नोंद करावी, एवढ्यासाठी हा आढावा.

प्रथम वेलीची ओळख पटविणे अवश्य आहे, कारण वादाचा निम्मा भाग ओळखीच्या घोटाळ्यावरच उभा आहे. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया या शास्त्रीय नावाची ही वेल मेनिस्पर्मेसी कुळातील असून तिची पाने हृदयाकृती, गुळगुळीत आणि लांब देठाची, फुले बारीक व पिवळट हिरवी, नरफुले एका वेलीवर तर मादीफुले दुसरीवर, आणि फळे वाटाण्याएवढी, पिकल्यावर लालभडक अशी असतात. तथापि पानांवर विसंबणारा फसतो. याच कुळातील पहाडवेलीचे पान घाईच्या नजरेला तसेच दिसते, आणि नावाच्या साम्यामुळे अमृतवेल म्हणून कोणी पिवळ्या दोऱ्यांची अमरवेल आणून दिली, असेही घडते. म्हणून जाणता माणूस पानाकडे न पाहता कांडाकडे पाहतो. अंगठ्याएवढ्या जाड, जुन्या कांडावर कागदासारखी पातळ करडी साल असते, ती नखाने ओढली की सुटते आणि खालचा हिरवागार थर उघडा पडतो; सालीवर बारीक पुटकुळ्यांसारखे ठिपके असतात; उंच फांद्यांवरून सुतळीएवढी बारीक हवाई मुळे थेट जमिनीच्या दिशेने लोंबत असतात; आणि कांडे धारदार कोयत्याने आडवे छेदले तर आतून गाडीच्या चाकाच्या आऱ्यांप्रमाणे मध्यापासून परिघाकडे गेलेल्या रेषा स्पष्ट दिसतात, ज्यांच्यावरून जुन्या निघंटुकारांनी चक्रलक्षणा हे नाव योजिले. कापून कुंपणावर फेकलेला तुकडा दिवसचे दिवस ओला राहतो आणि पावसाची पहिली सर येताच पुन्हा फुटतो. तुकडा चघळला तर जो कडवटपणा जिभेवर चढतो तो पाण्याच्या दोन घोटांनीही उतरत नाही. कोकणात केसाळ पानांची तिची एक बहीणही आढळते, आणि ईशान्येकडे व अंदमानात टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची तिसरी जात आहे, जिच्या कांडावर ठळक गाठी असतात. ही तिसरी पुढे वादात हजर होणार आहे.

कडुनिंबावरची गुळवेल सर्वांत गुणकारी, हा समज महाराष्ट्रातच काय, उत्तरेतही रूढ आहे. गुळवेल बांडगूळ नव्हे. ती झाडाचा आधार घेते, त्याच्या खोडात मूळ रोवून रस शोषीत नाही. तेव्हा कडुनिंबाचा गुण तिच्यात कसा उतरावा, याचा उलगडा सरळ होत नाही. मात्र काजऱ्यासारख्या विषारी झाडावरची वेल घेऊ नये, हा जो सावधगिरीचा भाग त्याच समजाला जोडलेला आहे, तो वेलीच्या निवडीत डोळे उघडे ठेवावयास लावतो, आणि तेवढ्यापुरता तो शहाणपणाचाच आहे.

ग्रंथांतील तिचे स्थान फार वरचे. चरकसंहितेत मेध्य रसायने म्हणून जी चार सांगितली आहेत त्यांत मंडूकपर्णी, ज्येष्ठमध व शंखपुष्पी यांच्या पंगतीला गुडूचीचा, म्हणजे गुळवेलीचा, रस आहे. वातरक्त म्हणजे सांधे सुजून लाल होणे व त्यांत आग होणे या व्याधीत तिला अग्रमान आहे. ज्वर, कामला, प्रमेह, दाह आणि त्वचेचे विकार यांवरील पाठांत तर ती पदोपदी भेटते. सोळाव्या शतकातील भावप्रकाशाने तिच्या उत्पत्तीची कथाच दिली आहे: रावणवधानंतर इंद्राने रणांगणावर पडलेल्या वानरांवर अमृत शिंपडले आणि त्यांच्या अंगावरून ओघळलेले थेंब जेथे पडले तेथे ही वेल उगवली. कथा सुंदर आहे, आणि आजच्या जाहिरातदारांना ती पाठ आहे. परंतु त्याच ग्रंथपरंपरेने द्रव्य कोणते, किती, कशात कालवून, कोणत्या प्रकृतीच्या रोग्यास आणि कोणते पथ्य सांभाळून द्यावयाचे याचा जो बारीक तपशील लावून दिला, तो जाहिरातीत उतरलेला दिसत नाही. शार्ङ्गधराने काढ्यासाठी द्रव्याच्या सोळापट पाणी घेऊन आटवून आठवा हिस्सा उरवावा असे सांगितले. ज्याला हिम म्हणतात त्या थंड फांटासाठी सहापट पाण्यात द्रव्य रात्रभर भिजवून सकाळी गाळावे असे सांगितले. एकाच वेलीच्या या दोन कृतींत अग्नीचा संबंध एकीत आहे आणि दुसरीत नाही, आणि कोणत्या रोग्याला कोणती द्यावी हा निर्णय वैद्याचा.

घरात आल्यावर ग्रंथातील ही मोजमापे सैल झाली, पण नाहीशी झाली नाहीत. वीतभर लांबीचे, बोटाएवढ्या जाडीचे ओले कांडे आणावे, वरची करडी साल सुरीने खरवडून टाकावी, उरलेले पाट्यावर ठेचावे, चार पेले पाण्यात टाकून मंद विस्तवावर एक पेला उरेपर्यंत आटवावे, उकळी येताना सुंठीचा तुकडा व चिमूटभर धने घालावे, आणि गाळून कोमट असतानाच प्यावयास द्यावे: तापातून उठलेल्या माणसाच्या तोंडची चव परत यावी म्हणून, रोज संध्याकाळी अंगात भरणारी बारीक कणकण मोडावी म्हणून, हा काढा देशावरच्या आणि कोकणच्या घरांत पिढ्यानुपिढ्या दिला गेला. कुठे त्यात नागरमोथा पडे, कुठे अडुळसा, कुठे तुळशीच्या मंजिऱ्या व काळी मिरी. तळहात-तळपायांची आग होत असेल, लघवीला जळजळ असेल, तर काढ्याऐवजी हिम: ठेचलेले कांडे मडक्यातील पाण्यात रात्रभर ठेवून सकाळी खडीसाखर घालून. कावीळ, खाज-खरूज, स्त्रियांच्या अंगावरून पांढरे जाणे, जुना संधिवात, यांवरही तिचाच आधार. आणि श्रावणात कोवळी पाने डाळीत घालून भाजी करणारीही घरे आहेत, जिथे तिला औषध न म्हणता रानभाजीच म्हणतात.

या सर्व कृतींत सत्त्वाची कृती मला सर्वांत नाजूक वाटते, आणि ती एकदा जवळून पाहणाऱ्यास बाजारातील पांढऱ्या भुकटीच्या किमतीकडे पाहण्याची निराळी दृष्टी येते. उन्हाळ्याच्या अखेरीस जाड जून कांडे तोडून आणतात, साल काढून बोटभर तुकडे करतात आणि ते उखळात किंवा पाट्यावर इतके ठेचतात की तंतू मोकळे होतात. मोठ्या पातेल्यात चौपट पाणी घेऊन त्यात हा लगदा रात्रभर भिजतो. सकाळी दोन्ही हातांनी तो चोळून चोळून पिळतात. पाण्याला बुळबुळीतपणा येतो, वर फेस धरतो, आणि हातांचा कडवटपणा दुपारच्या जेवणातही जाणवतो. मग ते पाणी जाड फडक्यातून गाळून न हलविता ठेवून देतात. काही तासांनी तळाशी करडा-पांढरा साका बसलेला असतो; वरचे पाणी हलक्या हाताने ओतून टाकावयाचे, पुन्हा स्वच्छ पाणी घालावयाचे, पुन्हा निवळू द्यावयाचे; असे दोन-तीनदा केल्यावर जो पांढरा थर उरतो तो परातीत पसरून सावलीत वाळवितात. शेरभर ओल्या कांडांतून तोळा-दोन तोळे सत्त्व निघाले तर हात धुऊन समाधानाने बसावे. हे सत्त्व बहुतांशी पिष्ट आहे, कडू द्रव्याचा अंश त्यात थोडाच राहतो. पण म्हणूनच ज्याला एवढे कष्ट नकोत त्याला बटाट्याचे किंवा साबुदाण्याचे पिष्ट डबीत भरून विकणे सोपे जाते, आणि आयोडिनाचा थेंब टाकून परीक्षा करावी तर तो दोहोंनाही सारखाच निळा रंग देतो. जिभेला पुसट कडवटपणा लागतो की नाही, एवढीच घरगुती कसोटी, आणि पक्की खात्री हवी तर सूक्ष्मदर्शक.

परंतु घरगुती औषध म्हणजे केवळ कृती नव्हे, तिच्याभोवतीचा बंदोबस्तही त्यात येतो, आणि माझ्या मते या प्रश्नाचे मर्म तेथेच आहे. वेल ओली असे, म्हणून ती रोज कोणीतरी जाऊन तोडून आणावी लागे. काढा रोज नवा करावा लागे, शिळा चालत नसे. तो इतका कडू असे की निरोगी माणूस त्याच्या वाटेला जात नसे आणि आजारी माणूसही अंगातला ताप उतरताच पेला बाजूला सारी. सात दिवस, फार तर पंधरवडा, मग बंद, असा बहुतेक घरांचा परिपाठ. मुलाला चमचाभर, गरोदर बाईला विचारल्याशिवाय नाही. आणि हे सारे ठरविणारी आजी किंवा आत्या रोग्याच्या उशाशीच असल्याने त्याची भूक, त्याचे डोळे, त्याच्या लघवीचा रंग तिच्या नजरेखालून जाई. मात्रेला आणि मुदतीला आळा घालण्याचे काम येथे कोणत्या कायद्याने केले नव्हते. ते कडवटपणाने, कष्टाने आणि शेजारच्या माणसाच्या देखरेखीने केले होते. रसायन म्हणून दीर्घकाळ सेवन ग्रंथांत सांगितले आहे हे खरे, पण तेथे वैद्य आहे, शोधन आहे, पथ्य आहे. घरात त्यांतले काही नव्हते आणि म्हणून घरात दीर्घकाळही नव्हता.

या वहिवाटीला देव्हाऱ्यात बसविण्याचा माझा मुळीच विचार नाही. ज्याला घरोघर कडकी किंवा हाडीताप म्हणत त्यात क्षयाचे रोगी किती असत, हे आता कोणी मोजू शकणार नाही. पण रोज संध्याकाळचा बारीक ताप, उतरत चाललेले अंग आणि रात्रीचा घाम हे ज्याचे लक्षण, त्या माणसाला काढ्यावर ठेवून मोलाचे महिने गमावले गेले असणार यात शंका बाळगण्याचे कारण नाही. हिवतापाची तीच गत. क्विनीनप्रमाणे हिवतापाच्या जंतूवर थेट मारा करण्याची शक्ती या वेलीत नाही. पाळीचा ताप कधी आपोआप उतरे आणि त्याचे श्रेय काढ्याच्या पदरी पडे. काविळीत तर कित्येकदा रोग स्वभावतःच बरा होणारा असतो, आणि अशा रोगांवर कोणत्याही औषधाची कीर्ती लवकर होते.

इंग्रजी अमदानीतील डॉक्टरांनी गुळवेलीकडे दुर्लक्ष केले, असे जे सरसकट म्हटले जाते ते दप्तराला धरून नाही. १८६८ साली सरकारमान्यतेने निघालेल्या भारतीय औषधकोशात गुलंच या बंगाली नावाने तिला अधिकृत स्थान मिळाले; कडू, शक्तिवर्धक आणि सौम्य ज्वरहर अशी तिची वर्णी लागली. मुंबईत सरकारी औषधभांडाराचा कारभार पाहणाऱ्या विल्यम डिमॉक यांनी पश्चिम हिंदुस्थानातील वनौषधींवर लिहिताना आणि पुढे वॉर्डन व हूपर यांच्या सहकार्याने रचलेल्या मोठ्या ग्रंथात इकडच्या प्रयोगांची दखल घेतली. लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर या मराठी शल्यवैद्याने बसू यांच्यासह सिद्ध केलेला भारतीय औषधी वनस्पतींचा सचित्र ग्रंथ १९१८ साली बाहेर पडला आणि वेलीची ओळख चित्रांत पक्की झाली. तिकडे १९०७ साली नाशिकास आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घालणाऱ्या शंकर दाजीशास्त्री पदे यांनी वनौषधींचे गुण मराठीत छापून घरोघर पोचविले. छापील पुस्तकाने एक गोष्ट मात्र नकळत केली: जे ज्ञान आजीच्या नजरेसह चालत असे ते नजरेवाचून चालू लागले, आणि ‘गुळवेल: ज्वर, प्रमेह, कामला, कुष्ठ’ अशी रोगांची लांब माळ वाचणाऱ्याला प्रत्येक रोगावर तीच पुरेल असे वाटू लागले.

प्रयोगशाळेतील तिची खरी परीक्षा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. कांडात बर्बेरिन, पामाटिन व मॅग्नोफ्लोरिन ही अल्कलॉइडे, कडू डायटर्पीन द्रव्ये आणि पाण्यात विरघळणाऱ्या बहुशर्करा सापडल्या. यांतल्या काही घटकांनी शरीराच्या भक्षक पेशी चेततात असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले. या संशोधनात सर्वांत लक्षवेधी काम मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाले, जेथे डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नेमका प्रश्न हाती घेतला. पित्तनलिका तुंबून झालेल्या काविळीत यकृतातील भक्षक पेशी मंदावतात, रक्तात जंतू माजतात आणि शस्त्रक्रिया तांत्रिकदृष्ट्या यशस्वी होऊनही रोगी दगावतो. या पेशींना गुळवेलीने चेतविले तर? १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत ३० रोगी होते. नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी शस्त्रक्रियेनंतर शेकडा ४० वाचले, तर त्याच उपचारांना गुळवेलीच्या अर्काची जोड मिळालेल्यांपैकी शेकडा ९२. संख्या लहान आहे, आणि एवढ्या लहान संख्येवर इमारत उभारू नये, हे त्या संशोधकांनाही ठाऊक होते. पण प्रश्न स्वच्छ, रोग निश्चित, मात्रा वजनाप्रमाणे मोजलेली, मुदत ठरलेली आणि रोगी डोळ्यांसमोर, या पाच गोष्टींमुळे त्या कामाला जे मोल आहे ते त्यानंतरच्या पुष्कळशा गाजावाजाला नाही. डहाणूकर यांनी मराठीत झाडाफुलांवर ललित लेखनही केले. औषधाविषयी लिहिताना मात्र त्यांनी हात आखडता ठेवला, आणि त्यासाठी मला त्यांच्याबद्दल विशेष आदर वाटतो. नंतर २००५ साली ॲलर्जीच्या सर्दीवर ७५ रोग्यांना आठ आठवडे औषध देऊन, आणि २००७ साली मधुमेहाने पायाला पडलेल्या जखमांवर शस्त्रक्रियेच्या जोडीने, असे प्रयोग झाले आणि त्यांचे निष्कर्ष अनुकूल निघाले. त्याखेरीज शेकडो निबंध उंदरांवर आणि काचपात्रांत थांबले आहेत. त्यांची यादी करून वाचकाला शिणविण्यात अर्थ नाही.

मग महामारी आली. २०२० च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने जो आयुर्वेद-योग उपचारांचा आराखडा जाहीर केला त्यात प्रतिबंधासाठी गुळवेलीची घनवटी, म्हणजे दाट केलेल्या अर्काची गोळी, ५०० मिलिग्रॅम किंवा चूर्ण १ ते ३ ग्रॅम, दिवसातून दोनदा, पंधरा दिवस किंवा एक महिना, अशी शिफारस होती. मुदत घातली होती, हे ध्यानात ठेवावे. लोकांनी शिफारस उचलली आणि मुदत विसरली. कडू काढ्याची जागा गोळीने घेतली, गोळीला चव नव्हती. वेल तोडण्याचे कष्ट बाटलीने वाचविले. ताप नसताना, रोग नसताना, केवळ भयापोटी, महिनोन्महिने, घरातील सर्वांनी एकाच मापाने ती घेतली. परंपरेने घातलेला एकेक अडसर असा निघून गेला, आणि विक्री मात्र परंपरेच्याच नावावर चालली.

त्याच मुंबईत, त्याच यकृताविषयी, आता उलट बातमी आली. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात यकृताला तीव्र इजा होऊन आलेल्या सहा रोग्यांची हकिगत तेथील डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. सर्वांच्या सेवनात गुळवेल होती, आणि काहींच्या यकृताचे चित्र स्वयंप्रतिकारी यकृतदाहाशी, म्हणजे शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटण्याच्या रोगाशी, जुळत होते. आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये खुलासा काढून ही मांडणी दिशाभूल करणारी ठरविली: रोग्यांनी घेतलेल्या वनस्पतीची तपासणी केली नव्हती, ती टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकेल, आणि शतकानुशतकांच्या वापरात असा दोष दिसला नाही, हे त्या खुलाशातील मुख्य मुद्दे. पुढे २०२२ साली देशातील १३ रुग्णालयांतून जमविलेल्या ४३ रोग्यांचा वृत्तांत आला. त्यात सेवन सुरू झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा मध्यक काळ ४६ दिवसांचा होता, आणि दोन-तृतीयांश रोग्यांत पुन्हा तेच स्वयंप्रतिकारी चित्र होते.

या वादाचा निवाडा करताना मंत्रालयाच्या खुलाशातील पहिला मुद्दा मी मान्य करतो. द्रव्य तपासल्याशिवाय द्रव्यावर आरोप ठेवणे दुबळे राहते, आणि मंत्रालयाने पुढे कॉर्डिफोलिया हीच जात वापरावी, क्रिस्पा वापरू नये अशी सूचना दिली तीही योग्यच. पण त्या सूचनेतच एक कबुली आहे: बाजारात दोहोंची सरमिसळ होऊ शकते, आणि ग्राहकाला ती ओळखण्याचे साधन नाही. साल काढून, वाळवून, दळून भरलेल्या कुपीत ना गाठी दिसतात ना आरे. शतकानुशतकांच्या वापराचा दाखला मात्र मला पटत नाही. जो वापर शतकानुशतके झाला तो ओल्या वेलीचा, काही दिवसांचा आणि आजारी माणसातला. जो २०२० नंतर झाला तो अर्काचा, महिन्यांचा आणि निरोगी माणसातला. पहिल्याच्या निर्धोकपणाचे प्रमाणपत्र दुसऱ्याच्या बाटलीवर चिकटविता येणार नाही. शिवाय दोन आठवड्यांत बंद होणाऱ्या काढ्यात सहा-साडेसहा आठवड्यांनी उमटणारा दोष दिसणार तरी कसा, आणि क्वचित कोणाला काविळीने गाठलेच तर तिच्यावरही गुळवेलच दिली जाणार, मग तिच्यावर संशय कोण घेणार?

दुसऱ्या बाजूनेही हात राखून बोलावयास हवे. लक्षावधी लोकांनी ही वेल घेतली आणि त्यांतील मोजक्यांना इजा झाली. किती जणांनी घेतली हा भाजक हाती नसताना प्रमाण काढता येत नाही, आणि ‘गुळवेल यकृत नासविते’ असा सरसकट डांगोरा पिटणे हे ‘गुळवेल अमृत आहे’ या डांगोऱ्याइतकेच बेजबाबदार आहे. सुसंगत दिसणारे स्पष्टीकरण असे, की जो गुण केईएमच्या रोग्यांना तारक ठरला, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशींना चेतविण्याचा, तोच ज्याच्या शरीरात स्वयंप्रतिकाराची ठिणगी आधीच दडलेली आहे त्याच्या बाबतीत मारक ठरत असावा. म्हणून ज्यांना थायरॉइडचा स्वयंप्रतिकारी विकार आहे, ज्यांच्या यकृताचे दुखणे जुने आहे, अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबण्याची औषधे ज्यांना चालू आहेत, त्यांनी गुळवेलीपासून दूर राहावे. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ती साखर आणखी उतरवू शकते हे ध्यानात ठेवावे. गर्भवतींनी तर आजीच्या काळचा नियमच पाळावा. बाकीच्यांनी तापानंतर आठवडाभर ओल्या वेलीचा काढा घेतला तर त्यात भिण्याजोगे मला काही दिसत नाही. मात्र डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, भूक मेली, की त्याच दिवशी पेला थांबवून रक्त तपासून घ्यावे.

या सर्व गदारोळात वेल तोडणाऱ्यांचा विचार कोणी केला असेल तर तो व्यापाऱ्यांनीच. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून विकण्याचा जो उद्योग उभारला, त्याला सरकारच्या वनधन योजनेचे साहाय्य मिळून २०२१ साली मोठ्या औषध कंपन्यांकडून ३५० टन मालाची, १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी आली. हिशेब केला तर किलोमागे सुमारे ४५ रुपये पडतात, आणि त्यात तोडणे, वाहणे, वाळविणे सर्व आले. त्याच किलोची गोळी होऊन शहरात जाते तेव्हा तिच्या किमतीचा कातकऱ्याच्या मजुरीशी काही संबंध उरत नाही. तरी ज्या जमातीच्या हाताला वीटभट्टीखेरीज काम नव्हते तिला गावात राहून रोख पैसा मिळाला, हे लहान नव्हे. वेल छाटली तरी फुटते, म्हणून नाशाचे भय इतर वनौषधींइतके नाही. पण मुळासकट ओढून काढण्याची घाई झाली तर हाही दिलासा टिकणार नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते. औषधविषयक १९४० च्या कायद्यात आयुर्वेदीय औषधांचा समावेश १९६४ च्या दुरुस्तीने झाला; ग्रंथोक्त पाठाप्रमाणे केलेल्या औषधास परवाना देताना सुरक्षिततेच्या नव्या चाचणीचा पुरावा मागितला जात नाही, कारण ग्रंथ हाच पुरावा धरला जातो. हे तत्त्व काढ्याला आणि अरिष्टाला लागू करणे समजण्याजोगे आहे. दाट केलेल्या अर्काच्या गोळीला आणि परिरक्षके घातलेल्या रसाच्या बाटलीला ते जसेच्या तसे लावणे योग्य की अयोग्य, याची चर्चा व्हावयास हवी, आणि निदान वेष्टणावर मुदत व निषेध ठळक छापण्याची सक्ती तरी करण्यास कोणाची हरकत नसावी. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी यंत्रणा दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेच्या देखरेखीखाली चालते. परंतु तिच्या दप्तरात पोचते ती कोणीतरी कळविलेली तक्रार, आणि परसातल्या वेलीचा काढा पिऊन बिघडलेल्या माणसाची तक्रार कळविणार कोण?

अशी तक्रार न पोचण्याचे कारण बाह्यरुग्ण विभागातील टेबलावरच सापडते. डॉक्टर केसपेपरवरून मान वर न करता विचारतात, काही औषध चालू आहे का. आणि रोज सकाळी गुळवेलीचा रस घेणारा गृहस्थ अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो, कारण त्याच्या लेखी ते औषध नव्हेच, घरचे आहे. त्या जागी दुसरा प्रश्न घातला तर निराळे उत्तर मिळते, असे मी एकाहून अधिक जुन्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकले आहे: सकाळी उपाशीपोटी काय घेता, आणि किती महिने झाले?